गाडीच्या स्पीकरवर ‘४ ओहम’ लिहिलेलं असतं, तो ओहम होता कोण?

गाडीला साऊंड बसवायला दुकानात गेलं की सगळी चर्चा वॅटवर सुरू होते आणि वॅटवरच संपते. अँप किती वॅटचा, सबवूफर किती वॅटचा, मित्राच्या गाडीत किती वॅट आहेत. खोक्यावरही वॅटच मोठ्या अक्षरात छापलेले असतात. त्याच्या खाली बारीक अक्षरात अजून एक आकडा असतो. ४ ओहम. कधी २ ओहम. तो सहसा कुणी वाचत नाही, आणि डिक्कीतून जळका वास येतो तेव्हा बऱ्याचदा भानगड त्याच आकड्याची असते.

हा ओहम म्हणजे एका शाळामास्तराचं आडनाव. जॉर्ज सायमन ओहम. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘ओहमचा नियम’ म्हणून तो आपल्याला भेटतो, दोन-तीन मार्कांचा प्रश्न असतो आणि परीक्षा झाली की विसरला जातो. पण या नियमापायी त्या माणसाला नोकरी सोडावी लागली होती, हे काही पुस्तकात येत नाही.

आधी नियम कामाला कसा लागतो ते बघू. त्यासाठी नाशिकच्या लोकांना लांब जायला नको. नाशिकरोडच्या पुढं एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आहे. १९७० साली इथला पहिला संच सुरू झाला. तो जुना झाल्यावर बंद पडला, आता उरलेत ते प्रत्येकी २१० मेगावॅटचे संच. इथली वीज बाहेर पडते ती २,२०,००० व्होल्टच्या लाईनवरून. का? तर वीज तेवढीच ठेवून व्होल्ट वाढवले की तारेतून जाणारे अँपिअर कमी होतात, आणि अँपिअर कमी झाले की तार कमी तापते. एका संचाची सगळीच्या सगळी वीज अशा एका लाईनवर टाकली, तरी प्रत्येक तारेत साधारण साडेपाचशे ते सहाशे अँपिअर भरतील.

आता गाडीकडं या. गाडीत व्होल्ट फक्त १२. इंजिन चालू असताना फार तर १४ च्या आसपास. हजार वॅट आरएमएसचा चांगला अँप फुल्ल आवाजात वाजत असेल तर तो बॅटरीकडून शंभरएक अँपिअर ओढतो. म्हणजे अख्ख्या एकलहऱ्याच्या एका संचाच्या लाईनमध्ये जेवढे अँपिअर, त्याचा सहावा-पाचवा हिस्सा तुमच्या सीटखालच्या वायरमधून जातोय. साऊंड बसवणारा बोटाएवढी जाड वायर लावायला सांगतो तेव्हा तो बिल वाढवत नसतो. वायर बारीक असेल, तिचा रोध समजा ०.०२ ओहम असेल, तर ५० अँपिअरला वायरमध्येच १ व्होल्ट खर्च होतो. बारातला एक. आणि जो खर्च झाला त्याची उष्णता होते.

हे गणित करायला आज मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो. दोनशे वर्षांपूर्वी हे गणितच अस्तित्वात नव्हतं.

कुलूपवाल्याचा पोरगा

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. वडील योहान वोल्फगांग कुलपं बनवायचे. आई शिंप्याची मुलगी. सात मुलं झाली, त्यातली तिघंच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली.

वडील शाळेत फारसे गेलेले नव्हते, पण माणूस जबरदस्त. स्वतःच्या हिमतीवर गणित, भौतिकशास्त्र, तत्त्वज्ञान शिकले आणि दुकान सांभाळून जॉर्ज आणि धाकट्या मार्टिनला शिकवलं. शाळेत मिळायचं त्याच्यापेक्षा घरचं शिक्षण सरस होतं. एर्लांगेन विद्यापीठाचे प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी या पोरांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना गणितज्ञांच्या बर्नोली घराण्याची आठवण झाली. (मार्टिनही पुढं मोठा गणितज्ञ झाला. ‘गोल्डन सेक्शन’ हा शब्द छापील पुस्तकात आणणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये त्याचं नाव घेतात.)

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात गेला आणि तिथं जाऊन त्यानं काय केलं? नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचं स्केटिंग. तीन सेमिस्टर हेच चाललं. पोटाला चिमटा काढून शिकवणाऱ्या बापाचं डोकं फिरलं आणि त्यांनी पोराला कॉलेजातून काढून थेट स्वित्झर्लंडला पाठवलं, एका शाळेत गणित शिकवायला. वय वर्षं सतरा.

ही शिक्षा त्याच्या पथ्यावर पडली. लांग्सडोर्फ यांच्या सल्ल्यानं त्यानं ऑयलर, लाप्लास, लाक्रोआ यांची गणिताची पुस्तकं एकट्यानं वाचून काढली. १८११ मध्ये परत येऊन त्याच एर्लांगेनमधून डॉक्टरेट घेतली. पण पोट भरेल अशी नोकरी काही विद्यापीठात मिळेना. बांबेर्गच्या एका साध्याशा शाळेत मास्तरकी, ती शाळा बंद, मग दुसरी शाळा, असं करत करत १८१७ मध्ये तो कोलोन शहरातल्या शाळेत पोहोचला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. या शाळेत एक गोष्ट होती जी आधीच्या कुठल्याच शाळेत नव्हती. चांगली प्रयोगशाळा.

बॅटरी दगा देत होती

१८२० मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेडनं दाखवलं की तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसुई हलते. अख्खा युरोप या प्रयोगाच्या मागं लागला. ओहमला त्यातून एक साधा प्रश्न पडला. सुई जास्त हलली म्हणजे वीज जास्त, हे ठीक. पण तार लांब केली तर वीज नेमकी किती कमी होते?

यंत्रं त्यानं स्वतः बनवली. कुलूपवाल्याच्या घरात वाढल्यामुळं धातूकाम हातात बसलेलं होतं. १८२५ मध्ये त्यानं पहिला निष्कर्ष छापला आणि तो चुकला. सूत्रच चुकीचं निघालं. कारण होतं बॅटरी. त्या काळच्या बॅटऱ्या जोडल्या जोडल्या जोरात चालायच्या आणि बघता बघता मंदावायच्या. म्हणजे तार तीच, पण आकडा दर मिनिटाला वेगळा. बेस वाजला की गाडीचे दिवे मिणमिणतात ना, त्यातलाच प्रकार. पुरवठाच हलत असेल तर मोजणार काय?

पोगेनडोर्फ नावाच्या संपादकानं त्याला सुचवलं की बॅटरी सोड आणि थर्मोकपल वापर. दोन वेगळे धातू जोडायचे, एक सांधा गरम ठेवायचा, दुसरा थंड, की वीज वाहते. हा शोध टोमास सेबेक या शास्त्रज्ञाचा. (सेबेक हे आडनाव लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.) ओहमनं तांबं आणि बिस्मथ घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्हीकडचं तापमान ढिम्म हलत नाही, म्हणून वीजही हलत नाही. जानेवारी १८२६ मध्ये त्यानं तांब्याच्या आठ तारा एकामागून एक जोडल्या. सगळ्यात छोटी २ इंचांची, सगळ्यात लांब १३० इंचांची.

इथं गंमत आहे. पुस्तकात आपण शिकतो की रोध निम्मा केला की वीज दुप्पट. ओहमच्या आकड्यांत तसं होतच नव्हतं. ४ इंचांची तार काढून २ इंचांची लावली, म्हणजे तार निम्मी झाली, तरी वीज जेमतेम ९ टक्के वाढत होती. त्याच्या लक्षात आलं की आपण जोडलेल्या तारेशिवाय बाकीचं जे काही आहे, म्हणजे खुद्द थर्मोकपल, सांधे, जोडण्या, ते सगळंही विजेला अडवतंय. किती? त्यानं तेही काढलं. बाकीचा सगळा सेटअप मिळून साधारण सव्वावीस इंच तारेएवढा अडथळा होता. म्हणजे २ इंचांची तार लावली की विजेला खरं तर सव्वाबावीस इंच चालावं लागायचं आणि ४ इंचांची लावली की सव्वाचोवीस. हे धरलं की सगळे आकडे चपखल बसले.

ओहमचा खरा शोध हा आहे. एकट्या तारेचा हिशेब करून चालत नाही. वीज देणारा, मधली जोडणी आणि शेवटी बसलेलं उपकरण, पूर्ण सर्किट एकदम धरावं लागतं. शाळेच्या पुस्तकात जो सुटसुटीत नियम येतो, त्यात ही अर्धी गोष्ट राहून जाते.

हेच डिक्कीत कसं लागू होतं?

समजा अँप स्पीकरला २० व्होल्ट देतोय. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ५ अँपिअर जातात, १०० वॅट होतात. आता तसाच दुसरा स्पीकर पॅरलल लावला. पॅरलल म्हणजे दोघांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र. ओहम वाढत नाहीत, उलट निम्मे होतात, २ ओहम. आता १० अँपिअर, २०० वॅट. इथं माणूस खूश होतो, फुकटात दुप्पट वॅट! अजून दोन स्पीकर लावले की १ ओहम, २० अँपिअर, ४०० वॅट.

पण हे ज्या अँपच्या जिवावर चाललंय त्याला १ ओहम झेपतो का, ते कुणी विचारलेलं नसतं. अँपच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की हा कमीत कमी किती ओहमपर्यंत चालेल. बऱ्याच अँपना दोन चॅनेल वेगवेगळे असताना २ ओहम चालतात, पण तेच दोन चॅनेल ब्रिज करून एका सबला जोडले तर ४ च्या खाली जायचं नसतं. कारण ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला निम्माच रोध येतो. ४ ओहमचा सब असेल तर त्याला तो २ ओहमचा भासतो. त्यात २ ओहमचा सब जोडला तर १ ओहम. मग अँप आधी तापतो, मग प्रोटेक्शनमध्ये जातो, आणि प्रोटेक्शन नीट नसेल तर जातोच.

दुसरी गोष्ट, ४ ओहमला ३०० वॅट देणारा अँप २ ओहमला ६०० देईलच असं नाही. कंपनीच्या कागदावर बऱ्याचदा साडेचारशे-पाचशेच असतात. कुठं गेले बाकीचे? तेच, ओहमचे सव्वावीस इंच. अँपचा पॉवर सप्लाय, बॅटरी, वायर, ग्राउंडचा नट, सगळ्यांचा वाटा निघतो. गंजलेल्या पत्र्यावर ग्राउंड मारला असेल तर तो वाटा अजून मोठा.

मल्टिमीटर लावला तर ४ ओहमच्या स्पीकरवर चारच्या थोडा खाली आकडा दिसतो. स्पीकर बिघडला म्हणून घाबरायचं नाही. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध दाखवतो. गाणं वाजताना आवाजाच्या पट्टीनुसार हा आकडा वर-खाली होत राहतो, त्याला इम्पीडन्स म्हणतात. हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडनं आणला तो १८८६ मध्ये, ओहम जाऊन तीस वर्षं उलटल्यावर.

आणि वॅट बघायचेच तर आरएमएस बघा. पीक, मॅक्स, म्युझिक पॉवर हे सगळे फ्लेक्सवरचे आकडे. स्टिरिओवर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेलं असतं, पण न फाटता, सलग मिळणारे वॅट बहुतेकदा त्याच्या निम्म्याहून कमी असतात. स्पीकरचे आरएमएस आणि त्या ओहमला अँप देत असलेले आरएमएस जवळपास सारखे, एवढं जुळलं की निम्मं काम झालं. फ्यूज मात्र बॅटरीला चिकटून लावा, अँपजवळ नाही. मधली वायर कुठं घासली तर तिला वाचवणारं दुसरं काही नसतं.

पुस्तक आलं आणि नोकरी गेली

परत ओहमकडं. प्रयोग जमले, आता त्याला शाळेतून बाहेर पडून विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं होतं. त्यासाठी मोठं काम दाखवायला हवं. १८२६ मध्ये त्यानं वर्षभराची रजा घेतली, तीही अर्ध्या पगारावर, आणि बर्लिनला भाऊ मार्टिनकडं जाऊन राहिला. फुरिए या फ्रेंच गणितज्ञानं १८२२ मध्ये धातूतून उष्णता कशी सरकते याचं गणित मांडलं होतं. वीजही तशीच सरकत असणार असं धरून ओहमनं पूर्ण सिद्धांत लिहिला. १८२७ मध्ये पुस्तक आलं.

पुस्तक पडलं. त्या वेळी जर्मनीत बऱ्याच शास्त्रज्ञांना निसर्गाचं तत्त्वज्ञान सांगायला आवडायचं, समीकरणं नकोशी वाटायची. ज्यांना समीकरणं चालायची त्यांना हे पुस्तक अवघड गेलं. बर्लिनच्या पोल नावाच्या प्राध्यापकानं परीक्षण लिहून त्याची पिसं काढली. प्रशियाच्या शिक्षण खात्यातही ओहमच्या बाजूनं बोलणारं वजनदार कुणी नव्हतं. ज्या बढतीसाठी त्यानं सगळं पणाला लावलं ती मिळणार नाही हे कळल्यावर मार्च १८२८ मध्ये त्यानं कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला.

ही गोष्ट सांगताना सगळं जग त्याच्या विरोधात होतं असं रंगवतात, तेवढं खरं नाही. फेशनरसारख्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून त्याचं म्हणणं तपासलं आणि बरोबर असल्याचं सांगितलं. पण पाठिंबा देणाऱ्यांच्या हातात नोकऱ्या नव्हत्या. पुढची पाच वर्षं ओहमनं बर्लिनमध्ये लष्करी शाळेत थोडे तास आणि शिकवण्या यांवर काढली. लग्न कधी केलंच नाही. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकी मिळाली. प्राध्यापक हे नाव मिळालं, पण त्याला हवं होतं ते विद्यापीठ नव्हे.

मान मिळाला तो बाहेरच्या देशात. टेलिग्राफचे दिवस येत होते. मैलोन्‌मैल तार टाकायची तर पलीकडं किती वीज पोहोचेल हे आधी कळायला हवं, आणि ते सांगणारं सूत्र या मास्तराकडंच होतं. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं, त्या काळचा विज्ञानातला सगळ्यात मोठा मान. त्याच वर्षी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर आलं, आणि तारेत उष्णता किती होते याचा नियम जूलनं छापला, तोही त्याच वर्षी.

आणि मग त्यानं आवाजाला हात घातला

ज्या स्पीकरवर ओहमचं नाव छापलं जातं, त्या आवाजाच्या शास्त्रातही तो घुसला होता, हे फार कमी लोकांना माहीत असतं. १८४३ मध्ये त्यानं मांडलं की कानावर कितीही गुंतागुंतीचा आवाज पडला तरी कान त्याचे सुटे सुटे साधे सूर वेगळे काढतो. आधार परत फुरिएच्या गणिताचा. गाडीतल्या स्टिरिओवर इक्वलायझरच्या पट्ट्या दिसतात, क्रॉसओव्हर बेस सबकडं आणि बारीक आवाज ट्विटरकडं पाठवतो, या सगळ्याच्या मुळाशी आवाज असा सुटा करता येतो हीच कल्पना आहे.

याला कडाडून विरोध केला औगुस्ट सेबेकनं. ज्या टोमास सेबेकच्या थर्मोकपलनं ओहमला त्याचा नियम मिळवून दिला, त्याचाच हा मुलगा. सेबेक प्रयोगात मुरलेला, आणि ओहमला तर संगीताचा कानच नव्हता. आवाज तपासायला त्याला मित्राच्या कानांवर भरवसा ठेवावा लागला. वाद सेबेकनं जिंकल्यासारखा झाला आणि ओहम या विषयातून बाजूला झाला. पुढं हेल्महोल्ट्झनं १८६३ च्या आपल्या ग्रंथात ओहमचं म्हणणं उचलून धरलं. तरी सेबेकचे आक्षेप अगदीच चुकीचे नव्हते, कान नेमकं काय करतो यावर नंतरही बरंच संशोधन झालं.

हेल्महोल्ट्झचा ग्रंथ बघायला ओहम नव्हता. १८४९ मध्ये त्याला म्युनिकला बोलावलं, आणि १८५२ मध्ये म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद दिलं. ज्या खुर्चीसाठी वयाच्या ३७ व्या वर्षी तो अर्ध्या पगारावर बर्लिनला गेला होता, ती वयाच्या ६३ व्या वर्षी मिळाली. त्यावर तो जेमतेम दोन वर्षं बसला. ६ जुलै १८५४ ला म्युनिकमध्येच त्याचं निधन झालं.

टेलिग्राफवाल्यांना रोध मोजायला एक ठरलेलं माप लागतच होतं. १८६० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्या मापाला ओहमचं नाव द्यायची चर्चा सुरू झाली आणि १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या वीजतज्ज्ञांच्या परिषदेत ते जगासाठी पक्कं झालं. स्पीकरच्या मागं ४ च्या पुढं घोड्याच्या नालासारखं जे चिन्ह असतं, ते ओमेगा हे ग्रीक अक्षर. विल्यम प्रीस या टेलिग्राफच्या इंजिनिअरनं ते १८६७ मध्ये सुचवलं. ओहमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग ओ या अक्षरानं सुरू होतं, मग तेच का नाही घेतलं? ४ च्या पुढं ओ छापला असता तर दुकानात प्रत्येकानं ४० वाचलं असतं.